पावसाचं बोट

...नाही, चूक माझीच, मान्य आहे, पण मला एक सांगा, फोन माझा, सिम माझं, अंगठ्याचा ठसा माझा, आणि पाऊस आला की हा ऐकतो कुणाचं? पावसाचं! एक थेंब पडला की स्क्रीन लगेच हलते, आणि मी ओलं बोट घासून घासून झिजवलं तरी ढिम्म. तुम्हाला सांगतो, पावसाचं बोट चालतं, माझं चालत नाही.

तुम्ही म्हणाल, पराग, पावसात सायकलच्या हँडलवर फोन लावलासच कशाला? मी लावला? लेकीने लावला. समिधाने. "बाबा, सायकलवर असलात की फोन उचलत नाही, आई टेन्शन घेते, समोरच असू दे आणि लाइव्ह लोकेशन चालू ठेवा." गेलो शांती नगरातल्या अल्पेशच्या दुकानात. "अंकल, आ जुओ, एकदम वॉटरप्रूफ छे." चार हूक, दोन रबर आणि वर पारदर्शक पिशवी, तिची चेन पहिल्याच पावसात उसवली. भांडायला गेलो तर म्हणतो, "अंकल, होल्डर वॉटरप्रूफ बोला था, मोबाइल का मैं कैसे बोलूं?" आणि तो अगदीच खोटं बोलत नव्हता हो, त्या पिशवीत गेलेलं पाणी अजून बाहेर आलेलं नाही.

तर जायचं होतं चौक गावाला, समुद्रकाठच्या सासुरवाडीला, नारळी पौर्णिमेला. सासरे आत्माराम, सगळा जन्म समुद्रावर गेलेला माणूस. माझी बायको उर्मिला त्यांची थोरली. यंदा त्यांनी नवी होडी घेतली आणि अख्ख्या गावासमोर जाहीर करून टाकलं, "नारल थोरला जावई देनार. होडीतना, आतमधी जाऊन." आतमध्ये म्हणजे कळलं ना? जिथे पाय टेकत नाहीत तिथे! केवढा मान. आणि मला... आता तुमच्यापासून काय लपवायचं, मला समुद्राची भीती वाटते. किनाऱ्यावर गेलो की सगळे पाण्यात जातात आणि मी चपला सांभाळतो. लग्न झाल्यापासून दर नारळी पौर्णिमेला मी काहीतरी काढतो. एकदा ऑफिसचं ऑडिट, एकदा गुडघा, एकदा तर गावच्या मामाला आजारी पाडलं, आणि तो मामा माझ्या लग्नाआधीच गेलेला. कोळ्याच्या घरचा जावई पाण्याला भितो, हे सांगायचं कुठल्या तोंडाने?

म्हणून यंदा बेत केला. उर्मिला आणि समिधा बसने पुढे गेल्या, मी म्हटलं, सायकलने येतो, डॉक्टरांनी सांगितलंय. हेतू एकच, उशीर. भरती काय माझ्यासाठी थांबणार आहे? पाणी उतरायच्या आत ते होडी काढतील, नारळ देतील, आणि मी मागून पोचून "अरेरे, चुकलं वाटतं" म्हणेन. पण ते लाइव्ह लोकेशन! वाटेत मोर्व्याच्या टपरीवर चहा घेत बसलो तर लगेच समिधाचा मेसेज, "बाबा, तुमचा ठिपका हलत नाहीये." उठलो. ठिपका हलवला.

आणि गाठलं की पावसाने. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी लिहिलेलं, आज टाकीला पाणी नाही, तर त्याखाली पावसाने माझ्या नावाने हसरा चेहरा टाकला. मग सासऱ्यांचा फोन वाजला. मी उचलायला जातोय, बोट सरकतंय, फोन सरकत नाहीये, तेवढ्यात टप्... कट. परत वाजला. टप्... कट. सासऱ्यांचा फोन मी जन्मात कापलेला नाही हो! बोट पुसायचं तर कशाला पुसायचं? शर्ट ओला, रुमाल ओला, रेनकोट तर आतून जास्त ओला. हेल्मेटमध्ये हात घालून टकलाला पुसलं, तिथे घाम. पावसाचं बोट चालतं, माझं चालत नाही.

डोंगरीचा चढ आला, उतरलो, सायकल ढकलतोय, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मला एकट्याने मोठ्याने बोलायची सवय आहे. सुरू झालो. "मान द्यायचाय तर शाल द्या ना सासरेबुवा, त्या होडीत कशाला चढवता मला? मला पोहता येत नाही, समुद्राला भितो मी, गुडघा माझा ठणठणीत आहे, मामा कधीच वारलाय, आणि तुमच्या अंगणात ते बोंबील सुकत घालता ना, त्यांच्या वासाने जीव जातो माझा, मी नाकाला बाम लावून येतो!"

आणि पिशवीतून आवाज आला, "जावईबापू, सगलं आयकू येतंय हां."

तिसरा फोन पावसाने उचलला होता. कधी उचलला, देव जाणे. तिकडे स्पीकरवर सगळं घर, कारण मागून उर्मिला विचारत होती, "मामा कधी वारले?" मी कट करतोय, घासतोय, दाबतोय, दोन्ही अंगठे लावले. नाहीच. मागे वळावं म्हटलं, तर ठिपकाही मागे वळणार आणि सगळ्यांना दिसणार. गेलो पुढे. काय करणार?

चौकच्या किनाऱ्यावर सगळी मंडळी उभी. होडी सजवलेली, पाणी उतरायला लागलेलं, तरी थांबवून ठेवलेली. सासरे आले, माझ्या सायकलचं हँडल धरलं. "भिता?" मी मान खाली घालून हो म्हटलं. मला वाटलं, संपली आता आपली किंमत. तर ते म्हणतात, "मी पन भितो. माजा बाप पन भ्यायचा. भ्या न्हाय तर नारल कशाला देतो आमी? दर्याला काय नारल मिलत न्हाय?" आणि एक दोरी माझ्या कमरेला बांधली, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला. खरं सांगतो, मला रडू आलं. पाऊस होता म्हणून निभावलं. नारळ मी डोळे मिटून दिला. समिधाच्या व्हिडिओत दिसतं, पहिल्यांदा तो होडीतच पडला.

झालं ना सगळं गोड? नाही झालं. दुसऱ्या दिवशी घरच्या बाल्कनीत उभा होतो, तर सासुरवाडीच्या ग्रुपवर सासऱ्यांचा मेसेज. "पुढल्या साली सायकल नको. जावईबापूंना न्यायला त्यांच्या घराजवळ, भाईंदरच्या खाडीवर होडी पाठवतो." खाडीतून समुद्र, समुद्रातून चौक! मी घाईघाईने लिहायला घेतलं, नको नको, मी आपला रिक्षाने येतो... आणि वरच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीतून एक थेंब पडला. टप्. माझ्या नावाने अंगठा गेला. लगेच मेव्हण्यांचे हात जोडलेले, मेव्हण्यांच्या बायकांची फुलं, उर्मिलाचं लाल हृदय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाठवलंय हो तिने. ते कसं परत करू?

पावसाचं बोट चालतं, माझं चालत नाही. सध्या मी रोज सकाळी तरणतलावावर जातोय. उथळ बाजूला, आजीबाईंच्या बॅचमध्ये. सासऱ्यांची ती दोरी बरोबर नेतो. फोन घरी ठेवतो.