विहिरीवर जाते

मृत्यूच्या दाखल्याच्या रांगेत वैजयंतीच्या पुढं भाऊबहीण उभे होते. जोतिराम अर्जावर आईचं नाव लिहीत होता.

"दादा, दहाव्याला जत्रंतला एक मानूस आलता, काय म्हनला ठाव हाय?"

"काय?"

"गड्ड्याच्या जत्रंला मौतका कुवा असतो की, फळ्यांच्या विहिरीत मोटरसायकल फिरवत्यात तो. त्यात आई गाडी चालवायची. पाच वर्सं."

"आपली आई?"

"फळ्यांवरचे मोर बी तिनंच रंगवलेत."

"अगं, जत्रंच्या दिवसांत ती मोडनिंबला मामाच्या विहिरीवर जायची."

"विहिरीवर जाते, एवढंच म्हनायची. मामाची आपनच धरली."

जोतिरामचा पेन थांबला. वैजयंती पुढं सरकायचं विसरली.

"सोनाली, शेवटी दवाखान्यात नेताना तिला मी गाडीवर मागं बसवलं. म्हनलं, मला घट धर, भ्याशील."

"मग?"

"धरलं की तिनं. घट."