पाकिटावर साखरशेत

जव्हार पोलीस ठाणे
दिनांक १२ जून २०२५, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे

नाव मंगळू लक्ष्मण भोये, वय ६१ वर्षे, धंदा निवृत्त प्राथमिक शिक्षक, सध्या शेती, राहणार साखरशेत, ता. जव्हार, जि. पालघर.

बाजारपेठेतील दंत दवाखान्याचे डॉ. तुषार यांनी माझ्याविरुद्ध अर्ज दिला आहे. त्यावरून मला बोलावणे आले. मी आपणहून हजर राहून, विचारले त्याचे आणि न विचारलेल्याचेही उत्तर देतो ते असे, की

मी वरील ठिकाणी पत्नी काशी हिच्यासह राहतो. मी छत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले. वनहक्क, रेशन, रोजगार हमी या विषयांवर मी जव्हार व मोखाडा तालुक्यांत सभांमधून बोलतो. आजारी माणसाला आधी भगताकडे न नेता दवाखान्यात न्यावे, हे मी वीस वर्षे पाड्यापाड्यावर सांगत आलो आहे. हे लिहून घ्यावे असे मी म्हटल्यावर हवालदार चंदना मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, भाषण नको, तारीख सांगा. याचा दाढेशी काय संबंध?" संबंध पुढे येईल.

दिनांक १६ फेब्रुवारी २०२५, रविवार रोजी सदर दवाखान्यात दंत तपासणी शिबिर होते. माझी डावीकडची खालची शेवटून दुसरी दाढ आठवडाभर ठणकत होती. मी सकाळी नऊच्या सुमारास मोटारसायकलने गेलो. गाडीवर मागे साखरशेतची एक बाई होती. तिलाही त्याच बाजूला दुखत होते. ती यायला तयार नव्हती. तिच्या घरी तीन वेळा जाऊन मी तिला तयार केले होते. "एक्स-रे खोटं बोलत नाही," असे मी तिला सांगितल्याचे मला आठवते.

शिबिराला गर्दी होती. एका खोलीत एक्स-रे काढत होते. दवाखान्यात काम करणारी मुलगी राही ही दोन बोटांएवढी फिल्म लहान खाकी पाकिटात घालून वर पेनने लिहीत होती. दुसऱ्या खोलीत डॉ. तुषार तपासत होते. तिसऱ्या खोलीत ठाणे शहरातून आलेले एक डॉक्टर दाढा काढत होते. त्यांच्या तोंडावर मास्क होता. त्यांचे नाव मला कोणी सांगितले नाही, आजपर्यंत सांगितलेले नाही. ते त्यानंतर जव्हारला दिसलेले नाहीत.

डॉ. तुषार यांनी पाकिटातील फिल्म उजेडात धरून सांगितले, की मूळ स्वच्छ आहे, वरची कीड साफ करून भरून टाकू. त्यांनी दाढ कोरली, सिमेंट भरले व बंद केली. फिल्म पाकिटासह मला दिली. पाकिटावर 'साखरशेत १६/२' एवढेच लिहिलेले होते. मला त्यात काही वावगे वाटले नाही. गावाचे नाव बघून उलट बरे वाटले. ती बाई तिसऱ्या खोलीतून कापूस चावत बाहेर आली. तिची दाढ काढली होती.

तिसऱ्या दिवसापासून माझा जबडा धरला. दुखणे दाढेतून जबड्यात, जबड्यातून कानात जाऊ लागले. डाव्या कुशीवर झोपता येईना. तोंडात दोन बोटांपलीकडे जागा होईना. भाकरी चावता येत नसल्याने काशी नाचणीची पेज करून देते. ती म्हणाली, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा घरात शांतता आहे. आणखी महिनाभर राहू दे." नंतर ती असे म्हणेनाशी झाली.

मी २४ फेब्रुवारी, १० मार्च व २ एप्रिल रोजी दवाखान्यात गेलो. तिन्ही वेळा डॉ. तुषार यांनी गोळ्या दिल्या व "वेळ लागतो" असे सांगितले. मी दुसरा एक्स-रे काढा म्हटले. पहिल्या वेळी मशीन बंद होते. दुसऱ्या वेळी गरज नव्हती. तिसऱ्या वेळी ते हसून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही भाषणं करता. जबडा जास्त चालतो. थोडे दिवस लोकांनाही आराम द्या." मी चाळीस वर्षे बोलतो आहे. १६ फेब्रुवारीपूर्वी माझा जबडा कधी दुखलेला नाही. मी आत गेलो की टेबलावरील रजिस्टर बंद केले जात असे, हे मी तिन्ही वेळा पाहिले. मी कानाचे सांगितले तेव्हा राहीने खाली पाहिले, हेही मी पाहिले.

दिनांक २० एप्रिल रोजी मोखाडा येथे वनहक्क दाव्यांच्या सभेत मी बोलायला उभा राहिलो. दहाएक मिनिटांनी जबडा अडकला. मी टॉवेलने गाल धरून खाली बसलो. लोकांना वाटले मी गहिवरलो, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मी तेथील डॉक्टरांना कान दाखवला. त्यांनी बॅटरी लावून पाहिले व कान उत्तम आहे, दाढ बघा, असे सांगितले.

तेव्हापासून माझी खात्री झाली, की दाढेत सुई मोडली असून ती आत ठेवून वर सिमेंट लावले आहे. मी दातांवरची दोन पुस्तके मागवून वाचली. सुई मोडते, असे त्यांत होते. मी ती फिल्म रोज उन्हात धरून पाहत असे. सुई दिसत नसे. दिसत नाही म्हणजे फिल्म बदलली, असा मी निष्कर्ष काढला. ही गोष्ट मी साखरशेत, जामसर व मोखाडा येथील पुष्कळ लोकांना सांगितली.

दिनांक ७ जून रोजी मी नाशिकला एका दंतवैद्य बाईंकडे गेलो. त्यांनी फिल्म दिव्यावर ठेवली, माझे तोंड पाहिले, पुन्हा फिल्म पाहिली. आमचे बोलणे असे झाले.

"ही फिल्म कुणाची?"

"माझी."

"तुमची नाही. तुमच्या दुखऱ्या दाढेच्या पुढे मोकळी जागा आहे. तिथली दाढ कधी काढली?"

"१९९४ साली, सरकारी दवाखान्यात."

"या फिल्ममध्ये ती आहे."

मी दीड महिना रोज ती फिल्म पाहत होतो. मी सुई शोधत होतो. दाढा मोजल्या नव्हत्या.

त्या बाईंनी नवा एक्स-रे काढला. दाढेत सुई नव्हती. मुळाशी पू होता आणि त्यावर सिमेंट लावून तो आत कोंडला होता. जबडा व कान त्यामुळे दुखत होते. त्यांनी दाढ उघडून पू काढला. तो एक्स-रे व त्यांची चिठ्ठी मी हजर केली आहे.

दिनांक ९ जून, सोमवार रोजी सकाळी साडेदहा वाजता मी डॉ. तुषार यांच्या दवाखान्यात गेलो व रजिस्टर मागितले. ते म्हणाले, "आत बसून बोलू, कागदावर काही आणू नका, दाढ मी परत करून देतो." मी बाहेर आलो आणि पायरीवर उभा राहून बोललो. सुमारे पंधरा मिनिटे बोललो. अर्जात मी पेशंट अडवले असे लिहिले आहे. मी कोणाला अडवले नाही, लोक आपणहून थांबले. मी डॉक्टरांना खाटीक म्हटले असेही लिहिले आहे. मी तसे म्हटलेले नाही. खाटीकसुद्धा कोणते जनावर कापायचे ते आधी बघतो, असे म्हटले. ते मी मागे घेत नाही.

मी गाडीपाशी आलो तेव्हा राही मागून आली. ती म्हणाली, "गुरुजी, ओरडू नका ना. कुणी मुद्दाम नाही केलं. शिबिराला आम्ही पाकिटावर गावच लिहितो."

मी विचारले, "माणसाचं नाव का नाही?"

"एका गावातून तीन-तीन काशी येतात, आडनावं पण तीच. सर म्हणतात गाव लिही, माणूस समोर असतोच."

"त्या दिवशी साखरशेतचे किती होते?"

"दोन."

मी गाडी सुरू केली. वाटेत एके ठिकाणी थांबलो. किती वेळ थांबलो ते सांगता येत नाही.

साखरशेतहून शिबिराच्या दिवशी मी आणि सकू चंदू लहारे, वय ३८, धंदा शेती व मजुरी, असे दोघेच गेलो होतो. तिचा नवरा चंदू ठाण्याला बांधकामावर असतो. मी दुपारी तिच्याकडे गेलो तेव्हा ती राबावर, म्हणजे पालापाचोळा भाजून केलेल्या वाफ्यावर, नाचणी पेरत होती. मी विचारले, "सकू, दाढ दुखायची थांबली का?"

ती म्हणाली, "कंची? काढली ती का हाय ती?"

मी म्हटले, आहे ती.

"ती तशीच दुखते. दोनदा तुमाला सांगलं ना, गुरुजी. तुमी बोललात, वेळ लागतो."

तिने मला दोनदा सांगितले होते, हे खरे आहे. पहिल्यांदा होळीआधी व दुसऱ्यांदा होळीनंतर. मी तसे म्हटले होते, हेही खरे आहे. तेव्हा माझा स्वतःचा जबडा दुखत होता.

मी पाकीट मागितले. तिने पत्र्याच्या डब्यातून, रेशनकार्डाखालून काढून दिले. "टाकू नको असं तुमीच सांगलंत," असे ती म्हणाली. पाकिटावर 'साखरशेत १६/२' असे लिहिले होते. मी फिल्म उन्हात धरली. शेवटून दुसऱ्या दाढेच्या मुळाशी काळा डाग होता आणि तिच्या पुढे मोकळी जागा होती. ती जागा माझी आहे.

सकूने विचारले, "मंग माझी चांगली होती?"

मी होय म्हटले.

ती उभी राहिली. हातातले नाचणीचे दाणे तिने सुपात परत टाकले. मी तिला म्हटले, पोलीस ठाण्यात माझ्याबरोबर चल. ती म्हणाली, "मना काय बोलाय येतं तिथं? बोलाय तुमाला येतं." आज सकाळी ती आपणहून माझ्या दारात येऊन उभी राहिली. गाडीवर बसली नाही. जव्हारला ती जीपने आली, मी गाडीने आलो.

येथे आल्यावर हवालदार चंदना मॅडम यांनी दोन्ही पाकिटे ताब्यात घेऊन दोन्ही फिल्म खिडकीच्या उजेडात धरल्या. मी तोंड उघडले. त्यांनी मोबाईलच्या उजेडात मोकळी जागा पाहिली व सकूच्या पाकिटातील फिल्मशी आणि नाशिकच्या एक्स-रेशी जुळवली. सकूला तोंड उघडायला मी सांगितले नाही. तिने स्वतः उघडले. तिची शेवटून दुसरी दाढ नाही. शेवटच्या दाढेवर हिरडी सुजलेली आहे. ती हिरडी फेब्रुवारीतही सुजलेली होती आणि दुखणे तेवढेच होते, असे ती म्हणाली.

मला असे विचारण्यात आले, की पाकिटे मीच अदलाबदल केली नाहीत कशावरून. प्रश्न योग्य आहे. दोन्ही पाकिटांवरील अक्षर राहीचे आहे, ते तिला दाखवावे. तसेच पाकिटे कोणी कशीही बदलली तरी सकूच्या तोंडातील जागा बदलत नाही. तिसऱ्या खोलीतील माणसाने तिचे तोंड उघडले, पकड लावली, कीड नसलेली दाढ बाहेर काढली, आणि फिल्ममध्ये मोकळी दिसणारी जागा तोंडात भरलेली आहे हे त्याला दिसले नाही. तो माणूस डॉक्टर आहे का, हा माझा संशय आहे आणि तो मी लिहून घ्यायला सांगतो.

दाढेत सुई मोडली व लपवली, हे माझे म्हणणे खोटे ठरले आहे. ते मी मागे घेतो. ज्या गावांत ते सांगितले त्या गावांत जाऊन मागे घेईन. फिल्म मुद्दाम बदलल्या की हलगर्जीने बदलल्या गेल्या, हे मला ठाऊक नाही. तपास करावा. मात्र बाजारपेठेतील कोणा शेठच्या पाकिटावर 'जव्हार' एवढेच लिहून त्याची दाढ काढली असती का, हे डॉ. तुषार यांना विचारावे, आणि ते जे उत्तर देतील ते शब्दशः लिहून घ्यावे.

त्या दिवशी शिबिरात जामसरची सहा माणसे होती. मी त्यांना ओळखतो. त्यांतल्या दोघांना मीच पाठवले होते. त्यांच्या पाकिटांवर 'जामसर' लिहिले असणार. दवाखान्याचे रजिस्टर आजच ताब्यात घ्यावे व त्या सहा जणांची तोंडे सरकारी डॉक्टरांकडून तपासावीत. उद्या रजिस्टर असेलच असे मला वाटत नाही.

सकूच्या वतीने मी काही सांगत नाही. तिचा जबाब वेगळा, तिच्या बोलीत आणि तिच्या शब्दांत घ्यावा. तेवढा वेळ मी बाहेरच्या बाकावर बसतो.

हा मजकूर हवालदार मॅडमनी मोठ्याने वाचला. मी व दाराशी उभी असलेली सकू, दोघांनी तो शेवटपर्यंत ऐकला. वाचताना पहिल्या पानावर, 'गाडीवर मागे साखरशेतची एक बाई होती' असे आले. तेथे मी थांबवले. ते शब्द लिहून घेणाऱ्यांचे नाहीत, माझ्या तोंडचे आहेत. ते खोडून त्या जागी 'सकू चंदू लहारे' असे लिहून घेतले व खाडाखोडीशेजारी सही केली. या दुरुस्तीनंतर हा जबाब खरा आहे.

सही
मंगळू लक्ष्मण भोये