वाघिणीवरचा भोंगा

...नाय नाय, सहदेवभाऊ, मी तुमच्या ओट्यावर भांडायला बसलो नाय! माझी बायको राही, म्हणजे तुमची सख्खी बहीण, आत कडी लावून बसलीय ना, बसू दे की. दार उघड म्हणत नाय मी. नुसता मोठ्यानं बोलतो, म्हणजे तिला ऐकू जाईल, आणि तुम्ही वरंधची मंडळी जमलाच हाय तर तुम्ही पण ऐका. भरलेला ट्रक आगगाडीवर चढवून नेतात, आणि ट्रकात डायवर तसाच बसलेला असतो, असा डायवर बघितलाय कुणी? हा बघा! हैबती, कापड्याचा! गाडी माझी, स्टेरिंग माझ्या हातात, आणि चालवतोय दुसराच!

तुम्हाला सांगतो, महाडच्या झकेरियाशेठनी मला हिरड्याची पोती भरून कानपूरला धाडला. निघताना ही बोलली, भांडं घासता घासता बोलली, म्हणजे खरंच बोलली, "दर साली गौर मी एकटीच पुजते. औंदा गौर यायच्या आदल्या सांजेपर्यंत वळणावर भोंगा ऐकला तर चूल पेटवन. नाय ऐकला तर भावाकडं जाईन. मग न्यायला पण येऊ नका." आमच्या घरची रीतच तशी! कापड्याच्या वळणावर गाडी आली की भोंग्याचा रबरी फुगा दाबायचा, पों... पों... पोंऽऽ, आणि तिकडं तांदूळ धुवायला लागतात. कुणाला सांगायला नको, विचारायला नको.

परतीला गाडीत कातडी भरली. वास? अहो, माश्या पण तोंड फिरवून जायच्या! आणि वाटेत एका नदीवरचा पूल गेला वाहून. आता? शेठचा माणूस म्हणाला, "गाडी रेल्वेच्या वाघिणीवर चढवा, डायवरनं मालाजवळ बसायचं." उघडी वाघीण, म्हणजे मालगाडीचा बिनछपराचा डबा, वर माझा ट्रक, चाकांना लाकडी पाचरा, चारी बाजूंनी साखळदंड... आणि आत मी. पुढच्या डब्यांत कोळसा, मागच्या डब्यांत कोळसा. इंजिनवाला त्या टोकाला, गार्ड या टोकाला, मधी माणूस म्हणून मी एकटा, तो पण कातड्याच्या वासाचा!

सडकेवर कसं असतं? कुठं चहावाला हाक मारतो, "काय डायवर, किती दिसांनी!" कुठं कुणी पोलादपूरपर्यंत सोडा म्हणतं, कुणी नुसतीच शिवी घालतं. शिवी पण बरी वाटते हो, आपल्यासाठीच असते ती! इथं काय? गावंच्या गावं चालली पाठीमागं, चुलींचा धूर दिसतो, माणसं दिसतात, आणि कुणी ओळख देत नाय. मी ब्रेकवर पाय ठेवून बसलोय. कशाला? मलाच ठाऊक नाय! शेवटी आरशातल्या तोंडाला विचारलं, "जेवलास काय रं?" आणि तुम्हाला सांगतो, उत्तर द्यायच्या आत आरसाच पलीकडं फिरवला. गाडी माझी, स्टेरिंग माझ्या हातात, आणि चालवतोय दुसराच!

एवढ्यात आलं वळण. आता मी आंबेनळी घाटातला डायवर. वळण दिसलं की हात फुग्यावर जाणारच! पोंऽऽ! गार्डाला वाटलं पुढं कुणी रुळावर आलं. त्यानं ओढला ब्रेक... सगळी मालगाडी धाडधाड करत उभी! गार्ड कोळशातून धावत आला. "क्या हुआ? किसने बजाया?" मी म्हटलं, "साब, मोड था." "मोड? अरे, रेल को मोड पे हॉर्न देता है? सामनेसे कौन आयेगा, तेरा बाप?" काय काय बोलला! माझे आजोबा-पणजोबा सगळे वर काढले. आणि मी? मी हसतोय! एवढ्या वाटेत पहिला माणूस बोलला हो माझ्याशी! म्हटलं, "साब, बसो ना थोडा." त्यानं नाक धरलं आणि गेला.

मग काय, पुढच्या वळणाला मुद्दाम वाजवला. येऊ दे की शिव्या द्यायला! नाय आला. परत वाजवला. नाय आला. फाटक दिसलं वाजवला, म्हैस दिसली वाजवला, काय दिसलं नाय म्हणून वाजवला... आणि फस्स! रबर फाटलं. फुगा गेला.

पुलापलीकडं गाडी उतरवली आणि जी हाणली! गौर यायच्या आदल्या सांजेला, उजेड असताना, कापड्याच्या वळणावर हजर. वेळेत! पण वाजवू काय? तसाच दारात आलो, तर बाहेरून कडी. शेजारची साळूबाई म्हणाली, "आत्ताच गेली राहीबाय. ट्रकाचा आवाज आला रं, मी म्हटलं थांब, आला असंल. तर म्हणाली, आमची गाडी मुक्यानं जात नाय, ही दुसऱ्या कुणाची."

मी आमच्याच ओट्यावर बसलो, मंडळी. आत चूल थंड. आणि वाघीणच आठवली. म्हटलं, आमची ही पण वर्षानुवर्षं अशीच बसलीय की! घर तिचं, चूल तिची, आणि ती पेटणार कधी, तर मी फुगा दाबीन तेव्हा! मी एकदाच बसलो तर म्हशीला भोंगा दिला. हिनं कुणाला दिला असंल? तशीच गाडी वळवली, ती थेट इथं वरंधला.

...ऐकलंस ना गो? सगळं खरं सांगितलं. आता भोंगा नाय, म्हणून तोंडानं वाजवतो. पों... पों... पोंऽऽ!

...सहदेवभाऊ, आत भांडं वाजलं! तांदूळ काढले काय?... काय म्हणता? मांजर?

असू दे, असू दे. मांजराला पण पहिल्यापासून सांगतो. तर काय झालं... गाडी माझी, स्टेरिंग माझ्या हातात...