तरसखिंड आणि भित्रा लांडग्या

ए सुभाना, कुत्र्याला ओढू नगंस! नवी ताडपत्री बघून बसलंय ते, बसू दे. शेकोटीत लाकूड सार, आन ऐका.

माझी थोरली चुलती चांगुणा. हाडाची सुईण. तिच्या कुत्र्याचं नाव लांडग्या, आन भ्यायचं कशाला? नव्या केरसुणीला! छत्री उघडली की चुलीमागं. नवी बादली आणली तर दोन दिस अंगणात येईना. लोक हसायचे, "चांगुणे, ह्यो कसली राखण करतोय?" पण चुलती ना ओढायची, ना ओरडायची. बादलीपाशी आपण बसायची, बादलीकडं पाठ करून. भाकरीचा तुकडा आज लांब टाकायची, उद्या हातभर जवळ. चार दिसांत लांडग्या बादलीतलं पाणी प्यायचा. मानलं पायजे बाईला! एवढा धीर आमच्यात कुणाच्यात नव्हता.

तर एका अवसेला सांगावा आला. तिची लेक सगुणा, खिंडीपल्याडच्या वाडीत अडली. पोर आडवं आलं. सांगावा देणारा तसाच डॉक्टर आणायला तालुक्याला पळाला. चुलतीनं कंदील घेतला, पदरात भाकरी बांधली, लांडग्याला हाक मारली आन निघाली. रातीची. तरसखिंडीतनं!

खिंडीच्या तोंडाला, वाटंच्या मधोमध, पांढरी छत्री. उघडी. वारा न्हाई, आन गरागरा फिरतीया! लांडग्या थिजला. शेपूट पोटाला. तुम्ही काय केलं असतं? पळाला असता. आन त्या खिंडीतला चकवा पळणाऱ्यालाच धरतो. चुलती खाली बसली! छत्रीकडं पाठ. तुकडा टाकला. लांडग्या सरकत सरकत गेला, हुंगला... छत्री गडप!

फुडं पाळणा. ना झाडाला बांधलेला, ना कशाला. अधांतरी हलतोय, आन आत बाळ रडतंय. आई गं! चुलतीचं काळीज लेकीपाशी, पाय घाई करत्यात. तरी बसली. तुकडा टाकला. लांडग्यानं नाक लावलं, पाळणाबी गेला.

मग आला दादू, तिचा जावई. हातात कंदील.

"मामी, चला लवकर! सगुणा चालली वो!"

चुलती धावलीच असती. पण लांडग्या पायात आडवा. दादूच्या मांडीवर लोळणारं कुत्रं ते, आन आता लटलटा कापतंय. भाकरी टाकली, बघंना. नव्या वस्तूला भ्यालं तरी भाकरीकडं बघायचं ते. हे भ्या येगळं. चुलतीनं वळखलं, आन तिथंच खाली बसली.

"उठा मामी! तिकडं लेक मरतीया, आन तुम्ही कुत्रं कुरवाळत बसा!"

रडली वो चुलती. ढसाढसा रडली. पण उठली न्हाई. लांडग्याच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "जावईबापू, ह्यो घ्या तुकडा. तुमच्या हातानं चारा त्याला."

दादूनं हात फुडं केला. तुकडा हातातनं आरपार भुईवर! अशी किंकाळी फुटली म्हणता, आन समोरचा कंदील विझला. चुलतीनं आपला कंदील वर धरला. चार पावलांवर कडा! वाट कवाच सुटली व्हती.

"चल बाबा," लांडग्याला म्हणाली, "तू म्हणशील तिकडनं."

त्यानं भुईला नाक लावलं आन वाडीत सगुणाच्या दारात नेऊन उभी केली. खरा दादू उंबऱ्यात डोकं धरून बसलेला. चुलतीनं पोर फिरवलं, पहाटं सोडवलं. लेक जगली, नात जगली. धन्य ती बाई, आन धन्य ते भित्रं कुत्रं!

म्हणून सांगतो, तरसखिंडीनं रातचं जाऊ नगा. कधीच जाऊ नगा. येळ आलीच, तर भित्रं कुत्रं संगं न्या. आन ते बसलं, तर घरी कुणीबी मरत असू दे, तुम्हीबी बसा.