माडीवरच्या मुलाबद्दल दोन ओळी

(मल्लेश्वरम, बंगळूर. फेब्रुवारी १९६६, दुपार. पोस्टातून निवृत्त झालेल्या सयाजीरावांना आज थोरल्या बहिणीशी नजर मिळवणं जड जातंय.)

राजलक्ष्मी : नाही म्हणजे नाही. त्या बिंदुमाधवाच्या मुलीचं लग्न, आणि मी जाऊन अक्षता टाकू? पोरीबद्दल काही नाही रे. पण बापाचं तोंड बघावं लागेल.

सयाजी : अक्का, समोरासमोरची घरं. तीस वर्षांचा शेजार. ते स्वतः येतायत आज, आमंत्रण घेऊन.

राजलक्ष्मी : येऊ देत. दारातूनच परत जातील. पाच महिने झाले, रांगोळीसुद्धा मी त्यांच्या घराकडे पाठ करून काढते. आणि बोलायचं ते मोठ्याने बोलते, त्यांना ऐकू जाईल असं.

सयाजी : आता पुरे झालं ते.

राजलक्ष्मी : पुरे कसं? आपल्या माडीवर दोन वर्षं राहिलेलं पोर! इंडोनेशियाहून इंजिनिअर व्हायला आलेलं. मला 'इबू' म्हणायचा हार्तोनो. त्यांच्यात आईला म्हणतात. शेंगदाण्याची चटणी भातात कालवायचा आणि म्हणायचा, आमच्याकडेही असंच. आणि एक दिवस पोलीस येतात, त्याचा रेडिओ उचलून नेतात, रोज दोन वेळा ठाण्यावर हजेरी लाव म्हणतात. कुणी सांगितलं पोलिसांना? नागरिक समितीचा चिटणीस कोण?

सयाजी : ते दिवसच तसे होते. ऑगस्टात काश्मिरात घुसखोर शिरले. पूल उडवत होते, बाँब टाकत होते. मग लढाई पेटली. त्यात जकार्तात जमावाने आपल्या वकिलातीवर हल्ला केला. पाकिस्तानच्या बाजूने. लोक खवळले होते, अक्का.

राजलक्ष्मी : जकार्तावर खवळले होते ना? मग इथे काय? साऱ्या मल्लेश्वरमात त्यांना एकच इंडोनेशियावाला सापडला, तोही एकवीस वर्षांचा.

सयाजी : नागरिक समितीच्या त्या सभेला तू नव्हतीस. हयवदन भाषणाला उभा राहिला. निवडणूक लढवायची होती त्याला. म्हणाला, बाँब टाकणाऱ्यांचे दोस्त ते आपले दुष्मन. सरकारने त्या देशाशी संबंध तोडावेत. तसा ठराव करून दिल्लीला पाठवू. आणि मग म्हणाला, इथे बसलेल्यांतच काही जणांनी असे दुष्मन घरात पोसलेत.

राजलक्ष्मी : नाव घेतलं?

सयाजी : गरज नव्हती. सगळ्यांनी माझ्याकडे माना वळवल्या. शेजारच्या माणसाने खुर्ची स्वल्प बाजूला ओढली, एवढंच. चौतीस वर्षं मी या लोकांना पत्रं वाटली.

राजलक्ष्मी : तेव्हा उठून बोलायचं होतंस. दोन वर्षांपूर्वी तूच गल्लीभर सांगत फिरत होतास ना, आशियातले देश म्हणजे भाऊभाऊ, आमच्या घरी तर भाऊ राहायलाच आलाय म्हणून?

सयाजी : हो. मीच.

राजलक्ष्मी : आणि बिंदुमाधवाने जाऊन चहाडी केली.

सयाजी : नाही केली.

राजलक्ष्मी : तुला काय ठाऊक?

सयाजी : ठाऊक आहे.

राजलक्ष्मी : कसं?

सयाजी : अक्का, पत्र मी लिहिलं होतं.

राजलक्ष्मी : कसलं पत्र?

सयाजी : पोलिसांना. सभेहून आलो आणि लिहिलं. सही नाही केली. 'एक नागरिक' एवढंच.

राजलक्ष्मी : काय लिहिलंस? जसंच्या तसं सांग.

सयाजी : कशाला आता?

राजलक्ष्मी : सांग.

सयाजी : 'माडीवर राहणारा परदेशी विद्यार्थी रोज संध्याकाळी रेडिओवर परक्या भाषेतलं काही ऐकतो आणि वहीत टिपणं करतो. चौकशी व्हावी.' दोनच ओळी. वाटलं, पोलीस येतील, विचारपूस करतील, काही नाही म्हणून जातील. मग लोकांना सांगता येईल, बघा, चौकशी झाली, घर स्वच्छ आहे.

राजलक्ष्मी : तो गाणी ऐकायचा.

सयाजी : माहीत होतं.

राजलक्ष्मी : आणि वहीत मी शिकवलेले शब्द लिहायचा.

सयाजी : तेही. ठाण्यात ती वही मलाच वाचायला दिली त्यांनी. इंग्रजी अक्षरांत मराठी. इन्स्पेक्टरला वाटलं, सांकेतिक भाषा आहे. मी मोठ्याने वाचलं. विळी. पाट. ऊन भात. अक्का रागावली. अक्का हसली.

राजलक्ष्मी : मग?

सयाजी : मी म्हटलं, साहेब, यात काही नाही, घरगुती शब्द आहेत. ते म्हणाले, तक्रार आलीय, हजेरी तर लावावीच लागेल. पत्र माझंच आहे, हे तेव्हा सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. हार्तोनो शेजारी उभा होता. बाहेर आल्यावर त्याने माझे दोन्ही हात धरले आणि माझे आभार मानले.

राजलक्ष्मी : आणि तू मानू दिलेस.

सयाजी : हो.

राजलक्ष्मी : आठ दिवसांत त्याने गाशा गुंडाळला. कॉलेजात कुणी शेजारी बसेना, रस्त्यात पोरं ओरडायची. मी म्हटलं, राहा रे, दोन पेपर राहिलेत. तर म्हणाला, माझ्यामुळे अण्णांना, म्हणजे तुला, त्रास नको. तू त्याला मद्रासच्या गाडीत बसवून आलास. काय बोललात स्टेशनवर?

सयाजी : काही नाही. डबा सांभाळ म्हटलं.

राजलक्ष्मी : वाटेत बोट थांबली त्या पेनांगहून एक कार्ड आलं. त्यानंतर काही नाही. तूच पेपर वाचून दाखवतोस, तिकडे कापाकापी चाललीय, नद्यांतून प्रेतं वाहतायत. त्याचा थोरला भाऊ कामगारांच्या संघटनेत, आणि अशांनाच घरच्यांसकट वेचून मारतायत म्हणे. इथे राहिला असता तर परीक्षा देऊन बसला असता माझ्यापुढे, पाटावर.

सयाजी : मी चार पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही, एकही परत आलं नाही. पोस्टातल्या माणसाला कळतं, उत्तर द्यायला किंवा पत्र परत करायलाही तिथे कुणी उरलं नसावं. आणि महिन्यापूर्वी ताश्कंदला करार झाला. ज्यांनी घुसखोर पाठवले त्यांच्याशीच कागदावर सह्या झाल्या. सरकारांचं मिटलं, अक्का.

राजलक्ष्मी : गप्प बस. सरकारं आणू नकोस मध्ये. आणि पाच महिने मी समोरच्या माणसाला शिव्या घातल्या, तू या खुर्चीत बसून ऐकल्यास. रोज.

सयाजी : रोज ठरवायचो की आज सांगेन.

बिंदुमाधव : अक्का, आत येऊ का? दार उघडंच होतं.

राजलक्ष्मी : या. बसा. आधी मला बोलू द्या, मग तुमचं आमंत्रण. बिंदुमाधव, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. साऱ्या गल्लीला ऐकवला. पोलिसांना पत्र तुम्ही नव्हतं लिहिलं. माझ्या भावाने लिहिलं. तुमच्या पाया पडायला हवं मी.

बिंदुमाधव : नको, अक्का. मला ठाऊक होतं.

सयाजी : ठाऊक होतं?

बिंदुमाधव : इन्स्पेक्टरने पत्र दाखवलं होतं मला, चिटणीस म्हणून. तीस वर्षं तुमच्या अक्षरातली लग्नपत्रं, बारशाची पत्रं येतात माझ्या घरी, सयाजीराव. तुमच्यासारखा 'ळ' दुसऱ्या कुणाचा होणार नाही.

सयाजी : मग बोलला का नाहीत? तुमच्या मुलीच्या सासरपर्यंत गेल्या असतील या गोष्टी.

बिंदुमाधव : गेल्या. विचारलंही त्यांनी. पण मी काय सांगणार? पत्र तुमचं, सरी, मान्य. ठराव कुणाचा? मसुदा मी लिहिला. 'त्या देशाचे नागरिक आपल्या वस्तीत नकोत', हे वाक्य माझं आहे. हयवदनने फक्त वाचलं. हात वर करा म्हटल्यावर पहिला हात माझा. दिल्लीहून उत्तर आलं, ठराव मिळाला, आभारी आहोत. मी ते चौकटीत लावणार होतो.

राजलक्ष्मी : म्हणजे तुम्हीही.

बिंदुमाधव : मीही.

राजलक्ष्मी : मग एकदा तरी ओरडायचं होतंत माझ्यावर. म्हणायचं होतंत, आधी आपल्या घरात बघा. मुकाट्याने ऐकत का राहिलात?

बिंदुमाधव : त्या पोरासाठी अख्ख्या गल्लीत तुम्ही एकट्याच रागावलेल्या होता, अक्का. तो आवाज बंद पाडायची हिंमत नाही झाली.