शिसवी पेनावरचा ठसा

धायरीच्या बसमध्ये नम्रताने पुस्तक उघडलं होतं. दोन महिन्यांपूर्वी वडील गेल्यापासून खूण त्याच पानावर होती. मागच्या सीटवर एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी बोलत होते.

“पूर्वा, पेन दे. अजून थोडं घासतो.”

“बाबा, पॉलिशचे बारा हात दिलेत. शिसवात तोंड दिसतंय माझं.”

“टोपणाखाली बघ. शेवटचा हात ओला असताना माझा अंगठा लागला. ठसा उठलाय.”

“दिसतोय की. रेघा मोजता येतायत.”

“आणि असल्या पेनाने लग्नाच्या रजिस्टरवर सही करणार? प्रज्ञेशच्या घरचे काय म्हणतील?”

“म्हणतील, सासरेबुवांना दम निघत नाही.”

“चेष्टा पुरे. पॉलिशपेपर आणलाय मी.”

“लेकीच्या लग्नाला पॉलिशपेपर?”

“रुमाल विसरलो, पण हा आणला.”

“ठेवा खिशात. हे बघा, सही करताना माझा अंगठा बरोबर ठशावरच बसतो. तो मला हवाय.”

“...बरं. मग नुसतं पुसून तरी देतो. चमक येईल.”

“कशाने? पॉलिशपेपरने?”

नम्रताने पर्समधून वडिलांचा चौकड्यांचा मोठा रुमाल काढला आणि मागे वळली.

“हा घ्या, काका. पण नुसतं पुसा हं. घासू नका.”