नळी बर्फात होती ना?

हॅलो?… कोण?… मोठ्यानं बोला बाई, एकाच कानानं ऐकते मी… प्रयोगशाळेतून? हो, हो, मी बाळाची आजी.

रिपोर्ट आला?… नाही? मग फोन कशाला?… बरं, सांगा.

अमिनो आम्लं… आम्लं म्हणजे ॲसिडच ना? एवढ्याशा जिवाच्या रक्तात ॲसिड?… असं होय. सगळ्यांच्याच असतात. माझ्यासुद्धा?… बघा, या वयात कळलं.

थांबा, परत सांगा. दुधातली प्रथिनं पचली की त्यांचे हे तुकडे होतात… बरं… रक्तातला पिवळा, पातळ भाग यंत्रात घालता… आणि बारीक नळीतून एकेक तुकडा वेगळा बाहेर पडतो… म्हणजे बोळातून माणसं बाहेर पडतात तसं? कुणी झपझप, कुणी रेंगाळत?… आणि तुम्ही तोंडाशी बसून मोजता. हां, आत्ता थोडं डोक्यात शिरलं.

मग आमच्या बाळाचं काय?… काही तुकडे जास्त, एक कमी… अहो पण ऐका ना, डॉक्टरांना शंका आलीय तो आजार आहे की नाही, एवढंच सांगा. सकाळपासून डॉक्टरांनी अंगावरचं दूध बंद केलंय. आजार असला तर आईचंच दूध बाधेल म्हणाले. पोर बाटली तोंडात धरत नाही. सून भिंतीकडे तोंड करून बसलीय, पदर ओला होतोय तिचा.

काय?… आजारात आकडे असे येत नाहीत? मग कशात येतात?… रक्ताचा नमुना उबेत राहिला की? मला कळेना बाई. रक्त उबदारच असतं ना?… काढल्यावर नळीतही त्याचं काम चालूच राहतं? तुकडे बदलतात?… पण बर्फाचा डबा होता की! ह्यांनीच आणला तुमच्याकडे. थांबा हं.

अहो! इकडे या… नळी बर्फात होती ना?… मग खाली काय बघताय?… कुठं?… सदऱ्याच्या आत? सगळी वाट?

हॅलो… अहो बाई, डबा ह्यांनी नेला, पण नळी छातीशी धरून. एवढ्याशा पोरीचं रक्त बर्फात गारठेल, म्हणतात… हसू नका हो… नाही, हसलात तुम्ही.

म्हणजे आजार नाही?… तसंही नाही? आहे म्हणत नाही, नाही म्हणत नाही, मग सुनेला मी सांगू काय?… उद्या परत रक्त… त्याआधी काही तास पाजायचं नाही. आणि आज?… डॉक्टर तिथंच आहेत? विचारा ना. धरते मी…

हो, आहे, आहे… पोरगी सुस्त? छे, लाथा झाडतेय, घर डोक्यावर घेतलंय!… काय म्हणाले?… पाजू दे? नक्की?… हो, उद्या पुन्हा बंद होऊ शकतं. तेही सांगते.

सूनबाई, घे गं तिला. अगं घे, डॉक्टर हो म्हणालेत…

अहो, आता तुम्ही का डोळे पुसताय? उद्या तुम्हीच न्यायचाय डबा. वर शाल घाला हवी तर. झाकण तेवढं उघडू नका.

हॅलो?… आहे हो मी. ऐकलंत? थांबलं पोरीचं रडणं… सगळं काही कळलं नाही मला, बाई. ठेवते.